सीडीच्या पाठीवरचा काळसर पट्टा

रत्नागिरीत गाडीतळाजवळच्या माझ्या दुकानात नवं गिऱ्हाईक आलं की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "साहेब नाहीत का?" साहेब कधीच नव्हते. रेडिओ-टीव्हीचा डिप्लोमा मी केला, दुकान मी थाटलं आणि तीस वर्षं सोल्डरिंगची कांडी मीच धरली. नवरा शाळेत भूगोल शिकवायचा. टॉर्चमध्ये सेल घालण्यापलीकडे त्याला यातलं काही येत नसे, आणि तेसुद्धा तो उलटे घाली. तरी तो संध्याकाळी दुकानात येऊन बसला की लोक त्यालाच बिघाड समजावून सांगत, आणि तोही मान डोलावत मन लावून ऐकून घेई.

माझ्या कामाला काय म्हणायचं ते मलाही नीट सांगता येत नाही. पाटीवर 'रेकॉर्डिंग व दुरुस्ती' असं लिहिलंय. सोप्या भाषेत सांगायचं तर मी आवाज एका वस्तूतून काढून दुसरीत ठेवते. आधी कॅसेटमधून कॅसेटमध्ये ठेवायचे. मग सीडी आल्या आणि मी मुंबईहून घरगुती सीडी रेकॉर्डर मागवला. काळा, चपटा, कॅसेट डेकच्या शेजारी ठेवला तर त्याचा भाऊ वाटेल असा. डेकवर कॅसेट लावायची, लाल-पांढऱ्या वायरीतून आवाज रेकॉर्डरमध्ये न्यायचा, लाल बटण दाबायचं आणि बसायचं. कॅसेट तासाची असेल तर तास लागणार. शेजारी कॉम्प्युटरवाले चार मिनिटांत सीडी काढून देऊ लागले तेव्हा लोक म्हणायचे, "तुमचं मशीन लय स्लो." खरं होतं. पण त्या तासभरात मला सगळं ऐकावं लागायचं, आणि मला तर त्याचीच चटक होती. अनोळखी घरांमधली बारशी, भजनं, भांडणं मी इतकी ऐकली आहेत की काही लोकांना रस्त्यात बघून मला त्यांच्या आत्याचं नाव आठवतं.

त्या रेकॉर्डरचे नखरेही होते. साध्या कोऱ्या सीडी तो घ्यायचाच नाही, त्याला 'ऑडिओ' लिहिलेल्या महागड्याच लागत. एका सीडीची थेट नक्कल तो करून देई, पण त्या नकलेची पुन्हा नक्कल करायला सांगितली की हटून बसे. आणि आवाज दोन-तीन सेकंद थांबला की गाणं संपलं असं समजून पुढे नवा ट्रॅक सुरू करी. आमच्याकडच्या एका बुवांना कीर्तनात मोक्याच्या जागी थांबून लोकांकडे बघायची सवय होती. त्यांच्या एका कीर्तनाचे मशीनने एकाहत्तर तुकडे केले. बुवा मात्र खूश झाले. म्हणाले, "बघा, एकाहत्तर वेळा लोक स्तब्ध झाले."

आणखी एक गृहस्थ आठवतात. त्यांच्या मुलीच्या बारशाच्या कॅसेटमध्ये पाळण्याच्या ऐन भरात कुकरच्या तीन शिट्या होत्या. त्या काढून द्या म्हणाले. मी खटपट करून शक्य तेवढ्या काढल्या. वर्षभराने तेच गृहस्थ परत आले, खुर्चीवर बसले आणि खाली बघत म्हणाले, "ताई, त्या शिट्या परत घालता येतील काय? तो कुकर आईने लावला होता." मूळ कॅसेट मी जपून ठेवली होती, म्हणून जमलं. तेव्हापासून कुणी काही पुसायला सांगितलं की मी हो म्हणते आणि मूळ प्रत कपाटात ठेवते.

एवढी सावध बाई मी. आणि तरी एका सीडीच्या बाबतीत मी अशी चूक केली की ती कळायला अठरा वर्षं जावी लागली.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. सकाळी दुकान उघडून मी झाडू मारत होते, तेव्हा कॉलेजची एक मुलगी पायरीवर येऊन उभी राहिली. तिने सॅकमधून एक पुरुषी रुमाल काढला. त्याच्या चार घड्यांमध्ये कागदी पाकिटात घातलेली एक सीडी होती.

"मॅडम, हे अक्षर तुमचं आहे का?" तिने विचारलं.

पाकिटावर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'कोरी'. खाली माझी सही. अक्षर माझंच.

"मग ही कोरी सीडी माझ्या आजोबांनी इतकी वर्षं रुमालात गुंडाळून का ठेवली असेल?"

मला हा प्रश्नच फार आवडला. मी तिला बसायला सांगितलं. तिचं नाव सई. घर हेदवीजवळ, शिकायला रत्नागिरीत खोली घेऊन राहिलेली. तिचे आजोबा, ज्यांना घरातलं लहानथोर सगळं माणूस अण्णाच म्हणतं, ते एस्टीत वाहतूक नियंत्रक होते. रत्नागिरीच्या स्टँडवर कुठली गाडी कुठल्या फलाटावर लागली हे माइकवरून सांगायचं काम त्यांच्याकडे होतं. निवृत्त झाल्यावर काही वर्षांनी त्यांना घशाचा कर्करोग झाला. ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढून टाकावं लागलं. जीव वाचला, आवाज गेला. सई तेव्हा आईच्या पोटात होती.

"मी त्यांचा आवाज कधीच ऐकलेला नाही," ती म्हणाली. "ते वहीत लिहून बोलतात. परवा कपाट आवरताना हे सापडलं. मी विचारलं, तर त्यांनी लिहिलं, 'ऑपरेशनच्या आधी बोललो होतो. सीडीवर काही उठलं नाही.' बाबा तेव्हा बोटीवर नोकरीला होते, घरी येताना रेकॉर्डर घेऊन आले होते. त्यांनीच नंतर ही सीडी तुमच्याकडे दाखवायला आणली होती."

तो प्रसंग मला अजिबात आठवत नाही. पण काय झालं असेल ते मी सांगू शकते. मी सीडी साध्या प्लेअरमध्ये घातली असेल, त्याने 'डिस्क नाही' दाखवलं असेल, आणि मागे रांगेत चार माणसं असतील. मी पेन्सिल उचलली असेल.

आता मात्र मी सीडी हातात घेऊन उलटी केली आणि दारातल्या उजेडात तिरकी धरली.

न लिहिलेली सीडी मागून सगळीकडे सारखी चमकते. लेझरने जिथे लिहिलं असेल तिथला रंग किंचित बदलतो. लिखाण आतून सुरू होतं आणि बाहेर सरकत जातं, म्हणून मधल्या भोकाभोवती एक काळसर पट्टा दिसतो. या सीडीवर तो होता, अगदी स्पष्ट. मी पट्टी लावून मोजला. चौदा मिलिमीटर भरला. म्हणजे माझ्या अंदाजाने चोवीस-पंचवीस मिनिटांचं काहीतरी.

"सई, ही कोरी नाहीये," मी म्हटलं. "मी चुकले होते."

माझ्यासारखीच तिनेही सीडी उजेडात तिरकी धरून तो पट्टा पाहिला, मग बोट हवेतच त्याच्यावरून गोल फिरवलं.

मी तिला समजावून सांगितलं. घरगुती रेकॉर्डरवर बोलून झालं की शेवटी एक काम करावं लागतं, त्याला फायनलाइज करणं म्हणतात. तेव्हा मशीन सीडीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका लिहितं. साधा प्लेअर आधी अनुक्रमणिका बघतो आणि ती नसेल तर आत काही नाहीच असं धरून चालतो. पण रेकॉर्डर स्वतःसाठी एका वेगळ्या जागी कच्ची नोंद ठेवत असतो. म्हणून अशी अर्धवट सीडी दुसऱ्या रेकॉर्डरमध्ये वाजण्याची शक्यता असते.

"आमचा रेकॉर्डर केव्हाच भंगारात गेला," सई म्हणाली. "खाऱ्या हवेने गंजला होता."

"माझा आहे," मी म्हटलं.

होता, पण कपाटाच्या डोक्यावर, आठ-दहा वर्षं न वापरलेला. तिच्यादेखत खाली उतरवून सुरू केला तर दिवे लागले, ट्रे काही बाहेर येईना. उघडून पाहिलं तर ट्रे ओढणारा रबरी पट्टा वितळून डांबरासारखा झाला होता. तो स्पिरिटने पुसून काढायलाच दुपार झाली. एका मोडक्या कॅसेट डेकमधला पट्टा बसवला. लेझरच्या भिंगावर कापूस फिरवला. मग माझ्याकडची एक जुनी सीडी घालून पाहिली. तिसऱ्या खेपेला वाजली, मध्ये अडखळली, पुन्हा वाजली. लेझर म्हातारा झाला होता. अजून किती वेळा वाचेल याचा नेम नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सई आली. मी मशीन अर्धा तास आधीच चालू करून ठेवलं होतं, गरम झालं की ते जरा बरं वागे. अण्णांची सीडी आत घातली. मशीन घरघरलं. थांबलं. पुन्हा घरघरलं. आणि पडद्यावर आकडे आले. दोन ट्रॅक. अकरा मिनिटं चाळीस सेकंद.

"लावा ना!" सई ओरडलीच.

माझं बोट बटणावर होतं. खरं सांगते, तिच्याइतकीच मीही उतावीळ झाले होते. पण मी बोट काढलं.

"आवाज कुणाचा आहे?"

"अण्णांचा."

"मग आधी त्यांना विचारायला हवं. ते आहेत ना अजून."

तिचा चेहरा पडला, पण तिला पटलं. फक्त एक अडचण होती. अण्णा येईपर्यंत लेझरने दम तोडला तर? म्हणून मी एक तोड काढली. स्पीकरची वायर काढून टाकली, मशीन कॉम्प्युटरला जोडलं आणि न ऐकता त्याची प्रत उतरवून घेतली. बारा मिनिटं आम्ही दोघी पडद्यावर आवाजाची पातळी दाखवणाऱ्या हिरव्या काड्यांकडे बघत बसलो. त्या उडत होत्या, खाली येत होत्या, मध्येच सपाट होऊन पुन्हा उसळत होत्या.

"ते खोकले असतील का तिथे?" सई कुजबुजली. आवाज बंद होता, तरी आम्ही कुजबुजत होतो.

ती गेल्यावर मी बसून हिशेब लावला, आणि तो जुळेना. पट्टा चौदा मिलिमीटरचा. अकरा मिनिटांना सात मिलिमीटर पुरे. मग उरलेलं काय? तास-दोन तास डोकं खाजवल्यावर उलगडलं. रेकॉर्डर कच्ची नोंद करतो ती 'स्टॉप' दाबल्यावर. बोलणं चालू असतानाच वीज गेली तर लिहिलेलं सीडीवर राहतं, पण त्याची नोंद कुठेच होत नाही. आमच्या भागात वीज कशी येते-जाते ते मी सांगायला नको. म्हणजे तिसरं काहीतरी तिथे होतं, बारा-तेरा मिनिटांचं. डोळ्यांना दिसत होतं, आणि मशीनला त्याचा पत्ता नव्हता. मी बटणं दाबून, पुढे पळवून, नाना खटपटी करून पाहिल्या. दुसऱ्या ट्रॅकच्या शेवटाला मशीन भिंतीला टेकल्यासारखं थांबे. फायनलाइज करून बघायचा मोह झाला, पण ते करताना मशीन नेमकं त्या बिननोंदीच्या जागेवरच लिहायला गेलं असतं. मी सीडी बाहेर काढून ठेवली.

त्या रविवारी अण्णा आले. तवसाळहून फेरीबोटीने जयगड आणि तिथून पुढे गाडी, असा प्रवास करून. सोबत त्यांच्या पत्नी माई आणि सई. अण्णा उंच, पांढरा सदरा, गळ्याला पातळ पांढरं फडकं, कारण श्वास आता तिथल्या छिद्रातून चालतो. खिशात छोटी वही. खुर्चीवर बसायच्या आधीच मी हात जोडले.

"अण्णा, अठरा वर्षांपूर्वी मी कोरी म्हणून लिहून दिलं. नीट बघितलं असतं तर..."

त्यांनी वही काढली, लिहिलं आणि माझ्यापुढे धरली. 'गाडी अठरा वर्षं उशिराने धावत आहे. गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत.' आणि खांदे हलवून हसले. आवाज न येता माणूस इतकं हसू शकतो, हे मी पहिल्यांदाच पाहिलं.

सगळ्यांसमोर लावू का, असं मी विचारलं. त्यांनी सईकडे पाहिलं आणि होकाराची मान हलवली.

आधी खाकरणं. मग, "हॅलो... हॅलो. लाल दिवा लागलाय. म्हणजे चालू असावं."

मी चमकले. हा आवाज मला माहीत होता! कॉलेजात असताना रोज संध्याकाळी स्टँडवर गाडीची वाट बघत मी हाच आवाज ऐकला होता. भरदार, जराही घाई नसलेला. त्या माणसाचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, आणि तो आज माझ्या दुकानात बसला होता.

मागून, लांबून एका बाईचा आवाज आला. "कोणाशी बोलताव हो एकटेच?"

"कोणाशी नाही! तू तुझं काम कर."

माई पदर तोंडाला लावून हसल्या. सई मात्र हसली नाही. ती अण्णांच्या ओठांकडे बघत होती. तो आवाज त्या तोंडातून यायचा, हे ती जुळवून पाहत असावी.

दुसरा ट्रॅक सुरू झाला आणि अण्णांचा आवाज एकदम सरकारी झाला. "प्रवाशांनी कृपया इकडे लक्ष द्यावे. चिपळूणमार्गे गुहागरला जाणारी गाडी फलाट क्रमांक तीनवर उभी आहे." मग राजापूर. मग देवरूख. मग लांज्याची मुक्कामाची गाडी. आठ मिनिटं तो माणूस घरात एकटा बसून गाड्या सोडत होता, एकामागून एक, सगळ्या वेळेवर. ऑपरेशन चार दिवसांवर आलेलं, आणि आवाज शेवटचा वापरायचा तर त्याला आपलं कामच आठवलं. खुर्चीतल्या अण्णांचे ओठ प्रत्येक गावाच्या नावाबरोबर हलत होते.

शेवटी पुन्हा साधा आवाज आला. "झालं. आता दुसरं. आता येणाऱ्या बाळासाठी बोलायचंय. जरा पाणी पितो." खट्. संपलं.

सईने माझ्याकडे पाहिलं. "पुढचं?"

मला सांगावं लागलं. सीडी तिरकी धरून तो बाहेरचा अर्धा पट्टा दाखवला. "तुझ्यासाठी बोलले ते इथे आहे. पण मला ते वाजवता येत नाही."

ती अण्णांपुढे गुडघ्यांवर बसली. "अण्णा, काय बोललात? लिहा ना."

अण्णांनी वही उघडली, पेन टेकवलं, बराच वेळ तसंच ठेवलं. मग लिहिलं, 'आठवत नाही गं. बोललो एवढं खरं.'

मला वाटतं त्यांना आठवत होतं. सईलाही तसंच वाटलं असणार. तेवढ्यात माई म्हणाल्या, "मला आठवतंय."

आम्ही तिघेही वळलो.

"मी व्हते ना दाराआड. काम कर म्हणाले, पण मी काय कामाला गेले नाय." माई अण्णांकडे न बघता सईशी बोलत होत्या. "पहिल्यांदा तुला म्हणाले, मुलगा हायस का मुलगी, काय पण असूदे, पण हळू बोलू नको. मग गाणं म्हणायला लागले. पाळण्याचं. जन्मात कधी गायले नव्हते. सूर नाय, काय नाय. दोनच ओळी येत व्हत्या, त्याच त्याच म्हणत बसले."

अण्णांनी डोळे मिटून घेतले होते.

"मग थांबले. आणि बाळाला म्हणाले, मला भीती वाटते. आवाज गेल्यावर घरात मला कोण विचारेल, अशी भीती वाटते. हे आजीला सांगू नको." माईंनी पदर सावरला. "म्हणून मी कधी बोलले नाय. ह्यांना मला सांगायचंच नव्हतं ना ते."

माझा हात सवयीने लाल बटणाकडे गेला होता, तो मी मांडीवर आणून ठेवला.

"आणि सई, त्यातच लाइट गेली," माई म्हणाल्या. "पंखा थांबला, मशीनचा दिवा गेला. ह्यांचे डोळे मिटलेले, ह्यांना पत्ताच नाय. आणखी कितीतरी वेळ बोलत व्हते. मी मुद्दाम सांगितलं नाय. चारच दिवसांचा आवाज राहिला व्हता. म्हटलं, बोलूदे."

म्हणजे काही सीडीवर आहे आणि वाजत नाही, आणि काही सीडीवरही नाही. सईने विचारलं, "लाइट गेल्यावर काय बोलले?"

"ते घरी गेल्यावर सांगेन," माई म्हणाल्या. "बोटीत सांगेन."

अकरा मिनिटांची नवी सीडी मी सईच्या हातात दिली, या वेळी फायनलाइज करून आणि दोन प्लेअरवर वाजवून बघून. मूळ सीडी अण्णांना परत केली. पाकिटावरचा माझा 'कोरी' मी खोडरबराने पुसायला घेतला, तर अण्णांनी पाकीट माझ्या हातातून काढून घेतलं आणि तसंच रुमालात ठेवलं. न वाजणाऱ्या भागासाठी आणखी कुणाला विचारून बघू का, असं मी म्हटलं. त्यांनी माईंकडे बोट दाखवलं.

मी पायरीपर्यंत गेले. सई रिक्षा थांबवायला पुढे धावली. रस्त्याच्या कडेला अण्णा थांबले, खिशातून वही काढून माईंपुढे काहीतरी लिहू लागले. माईंनी वहीवर हात ठेवला.

"लिहू नका," त्या म्हणाल्या. "कळलं मला."